मंगळावरचे पाणी आणि लोपीस साहेबांची चूक

लोपीस साहेबांची आणि माझी पहिली भेट झाली ती समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या आमच्या प्रकल्पात. मी पुण्याहून नवाच दोह्यात आलो होतो. पाण्याच्या तपासणीत एक आकडा मनासारखा येईना, म्हणून मी तो अंदाजाने लिहायला निघालो. "आकडा आपल्याला हवा तसा नाही, आहे तसा लिहायचा," एवढेच बोलून त्यांनी मला पुन्हा नमुना घ्यायला लावला. वसईचे हे साहेब त्या दिवसापासून माझे गुरू.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चहून आले की अल हिलाल वस्तीतल्या आपल्या घरी ते आम्हा मराठी मंडळींच्या मुलांना आकाश शिकवतात. मूल इंग्रजीत बोलले तरी साहेब उत्तर देणार मराठीतच. मंगळ पृथ्वीच्या साधारण निम्म्या रुंदीचा, माती गंजाने तांबडी, हवा अगदी विरळ, हे आमच्या मुलांना तोंडपाठ आहे.

गेल्या वर्षी एकदा ते म्हणाले, "मंगळाच्या ध्रुवांवर पांढरं दिसतं ते पाणी नव्हे. तो सगळा गोठलेला कार्बन डायऑक्साइड." माझी नऊ वर्षांची सई ताडकन उठली. "नो अंकल, देअर इज वॉटर आइस टू!" मी तिथेच बसलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले आणि सर्वांदेखत मी तिला दटावले, "मोठ्यांना उलट बोलतात का?" ती गप्प झाली ती झालीच. पुढचे दोन शुक्रवार वर्गात तिने तोंड उघडले नाही. प्रश्न विचारून घर डोक्यावर घेणारी मुलगी घरीही विचारेनाशी झाली. मी पुरता धास्तावलो.

तिसऱ्या शुक्रवारी साहेब वर्गापुढे उभे राहिले. "मी सगळं पुन्हा वाचून पाहिलं. सई बरोबर आहे. ध्रुवांवर मुख्यतः पाण्याचाच बर्फ आहे, कार्बन डायऑक्साइड वरवरचा. जमिनीखालीसुद्धा पाण्याचा बर्फ सापडलाय. आयुष्य पाण्यात गेलं माझं, आणि पाणीच ओळखलं नाही!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू रे? आहे तसा आकडा सांगणाऱ्या पोरीला गप्प बसवलंस?"

तेवढ्यात सईचा हात वर गेला. "अंकल, ते पाणी पिता येईल?" चक्क मराठीत!

"आधी क्षार काढावे लागतील. म्हणजे तिथंही नोकरी आपलीच. यल्ला, चला, कसे काढायचे सांगा बघू!"

यंदा साहेबांना साठ वर्षे पूर्ण झाली. 'शतायुषी व्हा' असे लिहून मी हा लेख घरात वाचून दाखवला, तर सई म्हणाली, "बाबा, हंड्रेड इज नॉट इनफ. मंगळाचं वर्ष आपल्या ऑलमोस्ट दोन वर्षांचं. तिथे अंकल फक्त बत्तीसचे आहेत."

या वेळी मी तिला दटावले नाही, माझे वाक्यच खोडले. साहेब, मंगळावरचीही साठी, म्हणजे इथली एकशे तेरा वर्षे, ठणठणीत तब्येतीने गाठा. चुकलात तर सांगायला सई आहे.