नळाची दवंडी

म्युन्सिपालटीची दवंडी पिटणारा तो माणूस आमच्या गल्लीत आला की आधी डफ शेकायला विस्तव मागायचा, मग नवे ठराव लग्नाच्या आमंत्रणासारखे हसत सांगायचा. एका सकाळी तो नाचतच आला. “ऐका हो, तुमच्या गल्लीला नळ मंजूर!”

लांबच्या विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बायकांनी घागरीच वाजवल्या. आईने त्याच्या हातावर साखर ठेवली. आभार मानायला अख्खी गल्ली हार घेऊन म्युन्सिपालटीच्या सभेत शिरली, तेव्हा नळाचा विषय अजून निघायचाच होता. सभासद एकमेकांकडे बघत राहिले; पण गळ्यात हार पडल्यावर नाही कोण म्हणणार? ठराव हसतखेळत पास झाला.

बाहेर मी दवंडीवाल्याला गाठलं. “अहो, मंजुरीआधीच दवंडी?”

डफावर थाप मारत तो म्हणाला, “खोटं कुटं बोललो? जरा लवकर बोललो की!”