वाकड्या पंखांची चिलटं

“सरळ पंखांची सोडा! वाकड्या पंखांची धरा!” मावशीच्या स्वयंपाकघरात ओट्यावर चढून तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, ओरडत होता, आणि आम्ही चौघं काचेचे पेले घेऊन पिकल्या फणसाभोवती रांगत होतो.

चिलटांवर एवढा जीव टाकणारा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा जन्मला असेल तर मी मिशी उतरवीन. लोक सुट्टीत मुलंबाळं घेऊन येतात. हा पुण्याहून मांडीवर बाटली घेऊन येतो, वर कापसाचा बोळा, आत केळं आणि चिलटं. कंडक्टरने विचारलं तर म्हणाला, “घरचीच आहेत.” चिलटाच्या गर्भात स्नायू कसे होतात, हा त्याचा विषय. मला त्याने तो पन्नासदा समजावला आणि दर वेळी आधीपेक्षा कमी कळला. एक पेशी म्हणे पुढे होते, बाकीच्या तिला येऊन चिकटतात, मधले पडदे विरतात आणि सगळ्यांचा मिळून एक स्नायू होतो. होडी ओढायला एकाने दोर धरावा, गावाने हात लावावा, आणि मग माणसं वेगळी उरूच नयेत, तसं काहीसं. ह्याच्या चिलटांत नेमका तो मिसळवणारा जीन बिघडलेला. आईबाप दोघांकडून बिघाड आला तर पेशी जवळ येऊन नुसत्या उभ्या राहतात, आणि गर्भ अंड्यातच मरतो. एकाकडूनच आला तर चिलट जगतं; त्याची खूण म्हणून वाकडे पंख.

“जवळ येऊन नुसत्या उभ्या? तुझ्यासारख्याच की रे,” मावशी म्हणाली होती. “वर्षातून आठ दिवस येतोस, नि माझ्या शेजारी बसून बाटलीत बघतोस.”

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या त्याच्या सगळ्या बाटल्या बुरशीने गेल्या होत्या. सहा वर्षांचं काम ह्या एकीत उरलेलं, आणि मावशीने कोकमाचं आगळ भरायला म्हणून तिचाच बोळा उपसला!

सरळ पंखांची ती फणसावर आलेली साधी चिलटं; बाटलीतल्या वाकड्या पंखांना लांब उडता येत नाही, म्हणून निभावलं. अकरा सापडली; त्यांतली सात मावशीने धरली. बोळा हरवला होता, तर तिने जुन्या लुगड्याची चिंधी फाडून दिली. दुसऱ्या दिवशी तो एसटीत बसला, बाटलीकडे बघत. मावशी हात हलवत होती, ते त्याने पाहिलं की नाही, कोण जाणे.

आठवड्याने गेलो. फळीवर लोणच्याची रिकामी बरणी होती, तोंडाला त्याच लुगड्याची चिंधी. मला काही कळेना.

“मावशी, हे काय?”

“तो गेल्यावर आणखी चार सापडली,” ती म्हणाली. “बाजारात जातोस तर केळं आण.”