उन्हाच्या पट्ट्यात

दिवाळी सरून दिवस लहान झाले, की दरवर्षी माझं मन मलूल होतं. यंदाही आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नव्हते. एका सकाळी खिडकीतून शेजारच्या वसुधाकाकू दिसल्या. सोसायटीच्या अंगणात उन्हाचा पट्टा सरकेल तशी त्या आपली खुर्ची ओढत होत्या. ते पाहून मला कितीतरी दिवसांनी हसू आलं. मी खाली गेले.

"काकू, उन्हाच्या मागे लागलात?"

"अगं, थंडी पडली की मला उगीच रडू येतं," त्या सहज म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सकाळचं ऊन घ्या, माणसांत बसा. ऊन रोज मिळतं. माणूस आज आलं."

मला वाटायचं, असं फक्त माझंच होतं. अंगणातल्या बदामाची पानं लाल होऊन गळतात, त्याला कुणी कारण विचारत नाही. मी मात्र स्वतःला विचारून विचारून दमले होते.

"मलाही येतं, काकू." हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते.

त्यांनी माझा हात थोपटला. "मग उद्यापासून चहा तुझ्याकडे. आलं जास्त घाल."

घरी परतले तेव्हा पाठ छान तापली होती, आणि भाजी चिरताना मी चक्क गुणगुणत होते.