हात मागे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, शाळेत वर्षानुवर्षं शेजारच्या खुर्चीत बसलेल्या मैत्रिणीलाही नाही. परवा माझ्या निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी माइकवर म्हणालं, 'मॅडमनी मुलींना मेहनत शिकवली' — आणि असा संताप आला, वाटलं गळ्यातला हार काढून फेकावा. फेकला का? नाही. टाळ्या वाजत होत्या, मी हसत बसले.

आर्णीजवळच्या एका गावातली शाळा. कापसाने माणसांना रडवलं ती वर्षं. वेचणी सुरू झाली की वर्ग ओस पडायचा, मुली आयांबरोबर मजुरीला जायच्या. सातवीतली वंदना त्यातलीच. महिनाभर गायब, आणि परत आली की सगळं तोंडपाठ! नद्या, उपनद्या, एक नाव इकडचं तिकडे नाही. मला वाटायचं, काहीतरी लबाडी करते. कारण म्हणताना तिचे हात सारखे हलायचे — हवेतलं काहीतरी तोडायचे, कमरेशी न्यायचे, पुन्हा तोडायचे.

एकदा दरडावून विचारलं. तर हसून म्हणाली, "मॅडम, घोकाच नाई लागत मले. कापसाची एक ओळ म्हंजे एक नदी. झाडाझाडावर एकेक नाव ठेवलं हाय. कापूस वेचला का नाव हाती येते."

तुम्हाला काय वाटलं असतं — कौतुक? मला राग आला. माझे बाबा कचेरीत कारकून. संध्याकाळी फूटपट्टी घेऊन बसायचे, नाव चुकलं की बोटांवर. मी रडत घोकलं, ताटावर बसून घोकलं, तापात घोकलं. आणि ही पोरगी वेचता वेचता, खेळल्यासारखं? मग माझं ते रडणं कशासाठी होतं? हा प्रश्न तिच्यामुळे पडला, म्हणून ती माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. एवढीशी पोर!

त्या वर्षी यवतमाळच्या एका निवासी शाळेत आमच्याकडची एकच मुलगी घेणार होते. राहणं, जेवण, दहावीपर्यंतचं शिक्षण, सगळं फुकट. वंदनाची आई निवडीच्या दिवशी मजुरी बुडवून शाळेच्या दाराशी येऊन बसली होती. पोरीची वेचणी सुटेल, एवढीच तिची आशा होती.

तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरचे एक साहेब आले. त्यांनी गोदावरीच्या उपनद्या विचारल्या. वंदना म्हणायला लागली, हात चालू झाले. साहेबांची काही हरकत नव्हती, उलट ते कुतूहलाने बघत होते. आणि मी — मी बाजूला उभी होते —

मी म्हटलं, "हात मागे. साहेबांसमोर नीट उभी राहा."

शिस्त? छे. हात थांबले की ती मुकी होणार, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग हात मागे नेले. पुढची नदी आलीच नाही. साहेब जरा थांबले आणि त्यांनी पुढच्या मुलीला बोलावलं — मीच घोकवून तयार केलेली. तिने धडाधड म्हणून दाखवलं, जागा तिला मिळाली.

बाहेर वंदनाच्या आईने विचारलं, "काय झालं मॅडम? तिले तं सारं येत होतं."

मी म्हटलं, "मेहनत कमी पडली."

दिवसभर उन्हात वाकून वेचणाऱ्या बाईला मी हे सांगितलं! जीभ कशी झडली नाही माझी? आजही राग येतो. बाबांचा येतो, त्या फूटपट्टीचा येतो. पण त्या दिवशी खोलीत बाबा नव्हते. मी होते.

पुढच्या वेचणीला वंदना गेली ती शाळेत परतली नाही. एकदा आर्णीला जाताना आमचा ऑटो सवारी घ्यायला थांबला. रस्त्याकडेच्या शेतात ती आईबरोबर वेचत होती, कमरेला कापसाची ओटी बांधून. हात भराभर चालत होते. तिने वर पाहिलं, मला ओळखलं — आणि हात मागे घेऊन नीट उभी राहिली.