आईचा डावा डोळा

आईचा फोटो कुणी कधी काढलाच नाही. वडील पाट्या रंगवायचे. एकदा उरलेला ऑइलपेंट आणि हार्डबोर्डचा तुकडा घेऊन त्यांनी दारात बसलेल्या आईचं चित्र काढलं. हात अक्षरं काढणाऱ्याचा, म्हणून नाक रेघेसारखं सरळ आलं. पण ती आईच होती.

विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या जाळपोळीत आमचं घर जळालं तेव्हा मी सात वर्षांची होते. वडिलांनी बाहेर काढलेल्या थोड्या वस्तूंत ते चित्र होतं. डावा गाल काळा पडला होता, रंगाला फोड आले होते. दोन वर्षांनी आई आजारपणात गेली. आम्ही परभणीला आलो. चित्र धोतराच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत राहिलं.

मी पत्रकं वाचत मोठी झाले, मग लिहू लागले. बाविसाव्या वर्षी आमच्या मंडळाच्या पुस्तिकेला मुखपृष्ठ हवं होतं. मी वडिलांना म्हटलं, हेच चित्र घेऊ, जळालंय तसंच. लोकांना कळू दे.

"तुझी आई हाय ती. पत्रक न्हाई."

झाकून ठेवलेला पुरावा काय कामाचा, असं मी बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि ट्रंक उघडली. "सांभाळून आण. दुसरी न्हाई."

स्टेशनजवळ कॉम्प्युटरचं नवं दुकान निघालं होतं. तिथं हातात धरून चित्रावरून फिरवायचा स्कॅनर होता. त्याची पट्टी चार बोटं रुंद, त्यामुळे चेहरा दोन फेऱ्यांत घ्यावा लागणार होता. उजवी बाजू दुकानातल्या पोरानं घेतली. डावी मी घेते म्हणाले. सायक्लोस्टाइलवर शेकडो पत्रकं काढलेला हात माझा. रूळ दाबून फिरवला की अक्षर ठसठशीत उठतं, एवढंच त्या हाताला ठाऊक.

"ताई, इस्त्री करायलाव का तुमी? हलक्या हातानं," तो म्हणाला.

तोवर मी हनुवटीपर्यंत पोचले होते. स्कॅनरच्या रबरी चाकाखाली वाळू दळल्यासारखा आवाज झाला होता. स्कॅनर उचलला. फोड आलेला रंग चाकाला चिकटून निघाला होता. डाव्या डोळ्याच्या जागी हार्डबोर्डचा तपकिरी भुगा. पडद्यावर तिथं काळा ओघळ दिसत होता.

मला काही वाटलं नाही. पंखा चालू होता. मी चाकावरचे कण नखानं काढून कागदाच्या पुडीत भरले.

पोरानं काही न विचारता पडद्यावरचा उजवा डोळा उचलला, उलटा केला आणि डावीकडे बसवला. "बघा. कुणाला कळणार न्हाई."

दोन सारखे डोळे. कॅलेंडरवरच्या बाईसारखे. मी दोन्ही प्रिंट मागितले, ओघळाचा आणि हा.

घरी वडिलांनी आधी दुसरा हातात घेतला.

"ही कोण?"

मग ओघळाचा. मग हार्डबोर्ड. पुडी उघडून पाहिली, बंद केली. ते रागावतील म्हणून मी थांबले होते. ते म्हणाले, "खळ कर."

भिंतीवर पोस्टर लावायला करतो तशी मी कणकेची खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकला. त्यांनी ओघळाचा प्रिंट हार्डबोर्डवर चिकटवला. उजवीकडचा कागद गालाच्या कडेला फाडून टाकला, तिथं जुना रंग उघडा राहू दिला. वाळल्यावर पांढऱ्या रंगाचा डबा उघडला.

"समोर बस. उजेडाकडं तोंड कर."

"कशाला?"

"तिचा डावा बारका होता. तुझाबी हाय. हलू नको."

ते एकदा माझ्याकडे बघायचे, एकदा कागदाकडे. मला माहीत नव्हतं माझा डावा डोळा बारका आहे. तो आधी भरून आला, मग कोरडा झाला. मी हलले नाही.

डोळा काढून झाला, पण कडेचा काळा ओघळ त्यांनी झाकला नाही. ब्रश रॉकेलमध्ये बुडवत म्हणाले, "घेऊन जा आता. छाप."

"नको."

"का? लोकाला कळू दे की."

मी त्यांच्या हातातून ब्रश घेतला आणि फडक्याला पुसत राहिले. तेच धोतराचं फडकं होतं.

पुस्तिका नुसत्या अक्षरांच्या मुखपृष्ठाची निघाली. अक्षरं वडिलांनी काढली.