वेन वळून बघत नव्हता

मरोळ गावठाणातली टिना मला पहिल्या भेटीतच आवडली. बेकरीतली सकाळची पाळी उरकून ती सहा महिन्यांच्या वेनला कडेवर घेऊन अंधेरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत आली होती. बाळांच्या मेंदूचा अभ्यास होतोय, कुणाच्या तरी पोराला उपयोग होईल, एवढाच तिचा हिशेब. मी एम.ए. करता करता तिथे सहायक होते. मिठाच्या पाण्यात भिजवलेली, मेंदूतल्या लहरी टिपणारी तारांची टोपी बाळाच्या डोक्यावर चढवायची आणि ते रडू नये म्हणून साबणाचे बुडबुडे उडवायचे, हे माझं काम. नियम एकच: बाळ कसं आहे, यावर आईला काही बोलायचं नाही.

टोपी काढताना टिनाने विचारलं, "शीतल, हाक मारली तर वळत नाही गं हा. डॉक्टर बोलला, कान तपासून घे. तुला काय वाटतं?"

"काय टेन्शन घेतेस यार? बुडबुड्यांना कसा हसला, बघितलंस ना? एकदम झकास आहे तो."

तिचा चेहरा उजळला आणि मला पुण्य लागल्यासारखं वाटलं. अर्धवट शहाणी मी. बुडबुडे बघायला कान लागत नाहीत, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही.

दुसरी फेरी सात महिन्यांनी होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी वेनच्या पाठीमागून खुळखुळा वाजवला, मग जोरात वाजवला. तो माझ्याकडेच बघून हसत राहिला. मॅडमनी लगेच तपासणीला पाठवलं. आठवड्याने टिना रिपोर्ट आणि डॉक्टरांची जुनी चिठ्ठी घेऊन आली. दोन्ही कानांनी त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं.

"डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं ना?" मॅडम म्हणाल्या. "कानाचं यंत्र लवकर लागलं असतं. बोलणं शिकायचे महिने असतात हे. का थांबलात?"

टिनाने एकदा माझ्याकडे पाहिलं. "राहून गेलं, मॅडम. चूक माझी."

मी टोपी धूत राहिले. लाज वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती, काम जाईल याची.

जिन्यात मी तिला गाठलं. "टिना, माझ्यामुळे..."

"मॅडमसमोर तुझं नाव नाही घेतलं, काम जाईल तुझं," वेनला दुसऱ्या कडेवर घेत ती म्हणाली. "पण माहीत नव्हतं, तर माहीत नाही बोलायचं ना. मी डॉक्टरचं सोडून तुझं ऐकलं."

ती उतरून गेली. मी परत वर आले. मॅडम अजून तो रिपोर्टच वाचत होत्या.

"चूक टिनाची नाही," मी म्हटलं.