शुभदा फोटोमागे काय लिहिते

तुर्भ्याच्या कॉलेजात मुलांची एकांकिका बसवायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा अंकुश नावाचा एक मुलगा माझ्या आवाजाच्या रोखाने पुढे आला आणि म्हणाला, "बाई, तुमी उभ्या असता तेव्हा मान जरा डावीकडे कलती असते ना? आनि उजवा हात असा, कोनाला तरी थांबवल्यासारखा?"

माझा हात तसाच होता. मानेचं मला ठाऊक नव्हतं, पण सगळी मुलं हसली, म्हणजे तीही तशीच असणार. अंकुश जन्मापासून आंधळा आहे. रंगमंचावर माझं उभं आयुष्य गेलं, टाळ्या पडल्या, शिट्ट्याही पडल्या. पण इतकं नेमकं मला कोणी पाहिलं नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं रे?"

"कॉलेजच्या वेबसाईटवर हाय की. तुमचा फोटो."

मी तडक ऑफिसात गेले. तिथे शुभदा बसते. तिचे वडील कोकणातून आले आणि तुर्भ्याच्या मार्केटात गोण्या वाहून त्यांनी हिला बी.कॉम. केलं. कॉलेजात ती टायपिस्ट म्हणून लागली. पुढे वेबसाईट बघणारा माणूस सोडून गेला, तेव्हा प्राचार्य म्हणाले, "तुला कॉम्प्युटर येतो ना? मग हेही बघ."

"पहिल्याच दिवशी सरांचा फोटो आडवा लागला, ताई," शुभदा हसत सांगते. "दुपारभर सर होमपेजवर झोपलेले. मला वाटलं, आता नोकरी गेली."

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि तिने मला ती पडद्यामागची खोली दाखवली. सीएमएस म्हणतात तिला. बाहेर जगाला दिसते ती वेबसाईट, आणि आत ही खोली. इथे मजकूर लिहायचा, फोटो लावायचे, जुनं काढायचं. ड्राफ्ट म्हणजे आमची तालीम, प्रीव्ह्यू म्हणजे रंगीत तालीम, आणि पब्लिश दाबलं की पडदा वर! मी टाळीच वाजवली. "अगं, तू तर आमच्यातलीच आहेस!"

फोटो लावताना बाजूला एक लहानसा चौकोन उघडतो. 'पर्यायी मजकूर.' फोटोत काय आहे ते त्यात लिहायचं. बघणाऱ्याला ते दिसत नाही, पण आंधळ्या माणसाचा फोन ते वाचून दाखवतो. तो चौकोन शुभदाही रिकामाच सोडायची. मग अंकुश कॉलेजात आला आणि एक दिवस खिडकीशी येऊन म्हणाला, "मॅडम, तुमच्या साईटवर माझा फोन नुसता 'इमेज, इमेज' करतो. आत हाय काय?"

आत काय नव्हतं! आपल्याकडे कागदावर सही-शिक्का नसेल तर ती नोटीसच नव्हे. म्हणून प्रत्येक नोटिशीचा शिक्क्यासकट फोटो काढून साईटवर चढवायचा, हीच रीत. वेळापत्रक फोटो, निकाल फोटो, सुट्टी फोटो. अंकुशला सगळं कुलूपबंद.

त्या दिवसापासून शुभदा फोटोच्या वर अख्खी नोटीस टाइप करते. प्राचार्य म्हणाले, "शिक्क्याचा कागद आहे ना? तुझ्या टायपिंगमध्ये चूक झाली तर?"

"माझ्या नावावर घाला, सर."

माझ्या फोटोमागेही तिनेच लिहिलं होतं: 'वयस्कर अभिनेत्री सुमित्राबाई. जांभळी साडी. मान किंचित डावीकडे, उजवा हात पुढे, जणू कुणाला थांबवतायत.' मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

आता त्या संध्याकाळचं सांगते. तालमीत चहाची सुट्टी होती आणि मी शुभदाजवळ बसले होते. तेवढ्यात कागद आला. दुसऱ्या दिवशीची तोंडी परीक्षा आमच्या कॉलेजात होणार नव्हती. ती सीवूड्सच्या कॉलेजात हलवली होती, सकाळी दहाला. अंकुशची तीच परीक्षा. तो एकटा जासईहून बसने येतो. चुकीच्या दारात उभा राहिला असता तर त्याचा नंबर निघून गेला असता.

शुभदाने भराभर टाइप केलं, वाचून पाहिलं, पब्लिश दाबलं. मग फोनवर साईट उघडली. तिथे अजून जुनंच पान! परीक्षा तुर्भ्यातच!

"पडदा अडकला गं!" मी उठलेच. "मी हॉलमध्ये जाऊन सांगते त्याला."

तिने माझा हात धरला. "ताई, नको."

"नको काय? पोराचं नुकसान होईल!"

"तो मला काय म्हणाला होता, माहितीये? 'मॅडम, मला वेगळा फोन करू नका. सगळ्यांना कळतं तिथंच मलापन कळू द्या.' मी शब्द दिलाय." ती स्क्रीनकडे वळली. "तो गेटबाहेर पडायला लागला तर मीच धावत जाऊन सांगेन. तोवर थांबा. टेन्शन मलापण आहे."

साईट लवकर उघडावी म्हणून जुनं पान कुठेतरी साठवून ठेवलेलं असतं म्हणे. ती साठवण तिने शोधली आणि पुसली. फोनवर पुन्हा पाहिलं. नवं पान आलं होतं.

पण अंकुशने मघाशीच जुनं पान ऐकलं असेल तर?

मी हॉलमध्ये गेले. शुभदा मागोमाग दारापर्यंत आली. मी मुलांना जागा घ्यायला सांगितलं, तर अंकुश म्हणाला, "बाई, आवाज का अडकलाय? चहा गरम होता काय?" आयुष्यभर आवाजावर भाकरी कमावली, आणि हा पोरगा मला क्षणात पकडतो!

"तुझा चहा संपव आधी," मी म्हटलं.

त्याने कप खाली ठेवला, कानात इअरफोन घातला, बोट फोनवर फिरू लागलं. रोजचाच रिवाज. बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा थांबलं.

"ए! उद्या इथं कोनी येऊ नका!"

"सुट्टी?" शेजारचा इंद्रजित ओरडला.

"सुट्टी कसली! तोंडी सीवूड्सला हाय. धा वाजता."

"चल, फेकू नको. कोण बोल्लं?"

"वेबसाईट बोल्ली. डोळे दिलेत देवाने, वापरा जरा!"

इंद्रजितने फोनवर वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडला. शिक्क्याचा फोटो तिथे मघाशीच येऊन पडला होता. गुड मॉर्निंगच्या फुलांच्या ढिगात तो कोणी उघडलाच नव्हता. सगळी मुलं अंकुशभोवती गोळा झाली. किती वाजता निघायचं, कुठे भेटायचं?

"स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं," अंकुश ऐटीत सांगत होता. "लिवलंय तसं."

मी दाराकडे वळले. शुभदाने फोन वर धरून त्या घोळक्याचा एक फोटो काढला आणि निघून गेली.

तालीम संपल्यावर मी ऑफिसात डोकावले. तोच फोटो स्क्रीनवर होता, बाजूचा चौकोन रिकामा, आणि शुभदा हनुवटीला हात लावून बसलेली.

"ताई, अंकुशच्या चेहऱ्याचं काय लिहू? तो ऐकेल ना. त्याने स्वतःला कधी बघितलेलं नाही."

मला कितीतरी भरजरी शब्द सुचले, पण ते सगळे नाटकातलेच होते.

मग तिने लिहिलं: 'मध्ये अंकुश, मोठ्याने हसतोय. बाकीचे त्याला रस्ता विचारतायत.'

आणि पब्लिश दाबलं.